डब्यातली गुणगुण

तिसरा व्हॉल्व्ह बदलला तरी गुणगुण गेली नाही.

राजपालने कानांवरचा हेडफोन काढला आणि टेबलावरच्या पत्र्याच्या डब्याकडे वैतागून पाहिलं. हेडफोनसाठीचा हा व्हॉल्व्हचा अँप्लिफायर त्याने दोन महिने खपून स्वतः बनवला होता. शिरपूरच्या बसस्टँडजवळ त्याचं टीव्ही-मोबाईल दुरुस्तीचं दुकान. रविवारची सुट्टी या डब्यात जायची. व्हॉल्व्ह अकोल्याच्या भंगारातले, ट्रान्सफॉर्मर एका मोडक्या रेडिओतला. काचेच्या नळ्या तापून लालसर झाल्या की गाणं असं गोड वाजायचं की बस्स. पण मागे सतत ती गुणगुण. वर डब्याला बोट लागलं की बारीक झिणझिण्या.

सगळे सांधे पुन्हा झाळून झाले होते. कपॅसिटर नवे टाकले होते. आता राहिलं होतं अर्थिंग, आणि या घराला ते कधी नव्हतंच. मागच्या खिडकीखालच्या गवतात एक गंजकी तार पडलेली होती. एक टोक मोकळं, बाकीची मातीत दडलेली. त्याने ते टोक आत ओढलं, कानशीने घासलं, डब्याच्या स्क्रूला आवळलं आणि बटण दाबलं.

गुणगुण गेली. झिणझिण्याही गेल्या.

राजपाल एकटाच हसला. खुर्चीत मागे रेलून त्याने डोळे मिटले. किती गाणी झाली, त्यालाही कळलं नाही.

मग कोणीतरी त्याच्या कानांवरचा हेडफोन ओरबाडून काढला. समोर त्याची बायको सुचिता उभी होती, पांढरीफटक.

"अवो, उठा ना! मेहरबीचाचीची बकरी आपल्या तारेले चिकटून मेली. चाची बी पडली!"

तो अनवाणीच धावला. घरामागे वडिलांची वांग्या-मेथीची बाग होती आणि बागेभोवती तारेचं कुंपण. रानडुकरं येतात म्हणून वडिलांनी, उकंडरावांनी, महिन्यापूर्वीच त्याला झटका मशीन जोडलं होतं. बकरी तारेजवळ पाय ताठ करून पडली होती. शेजारची म्हातारी मेहरबी बांधावर बसून आपला भाजलेला तळहात पाहत होती.

"तिले सोडवाले गेली तं मले फेकूनच देलं," ती म्हणाली. "कितीक ओरडली रे राजपाल. कोणी आयकेच ना."

झटका मशीन बॅटरीवरचं. जनावराला दणका बसतो, पळून जातं. त्याने बकरी मरत नाही. बकरी मरते ती थेट लाईट तारेवर सोडली तर. मागच्याच वर्षी बाजूच्या गावात निंदायला आलेली एक बाई अशी गेली होती, आणि शेतमालक अजून तुरुंगात होता.

काल जेवताना वडील काय म्हणाले, ते त्याला लख्ख आठवलं. 'डुकरं त्या मशीनले हासून राह्यले. थेट लाईनच सोडा लागते.'

"सुचिता, चाचीले घरात ने. हात पाण्यात धर तिचा," तो म्हणाला.

उकंडराव मोटारीच्या खोपीकडून येत होते. बकरी पाहून ते जागीच थांबले.

"बाबा," राजपाल अगदी हळू म्हणाला. रस्त्यावर माणसं थांबायला लागली होती. "लाईन सोडली का तुमी तारेवर?"

"कायले सोडू? मशीन हाये ना."

"रात्री तुमीच म्हणत व्हते."

"म्हणलो. केलं नाही."

"खोटं नोका बोलू. चाची मरत व्हती."

म्हाताऱ्याचं तोंड कसनुसं झालं. ते खोपीत गेले, मशीनच्या सगळ्या तारा उपटल्या आणि मशीन काखेत मारून परत आले.

"घे. पाह्य. आता हात लावून दाखवतो."

वाफ्यात सकाळचं पाणी अजून होतं. उकंडरावांचे उघडे पाय घोट्यापर्यंत चिखलात होते. त्यांनी खरंच हात पुढे केला. राजपालने झडप घालून त्यांचं मनगट धरलं.

"थांबा!"

दुसऱ्या हाताने त्याने खिशातला टेस्टर काढला आणि तारेला टेकवला.

टेस्टरमधला दिवा भकदिशी पेटला.

उकंडराव आधी दिव्याकडे आणि मग काखेतल्या मशीनकडे बघत राहिले. "मशीन तं माह्यापाशी हाये..."

"मंग दुसरी तार कुठून टाकली?" राजपालने विचारलं. "सांगा ना बाबा. पोलीस येतीन, तवा म्या काय सांगू त्यायले?"

"तुह्या गेलेल्या मायची आन घेऊन सांगतो. मले काईच समजून नाही राह्यलं."

बाप असा भ्यालेला राजपालने जन्मात पाहिला नव्हता. तरी त्याने मनगट सोडलं नाही. चोर धरावा तसं ते धरून तो उभा राहिला. उद्या मेथी खुडायला बाया येणार होत्या. काल सुचिता ह्याच तारेशी वाकून वांगी तोडत होती. टेस्टर त्याने तारेवर तसाच दाबून धरला होता.

आणि दिवा विझला.

दोघांपैकी कोणीच हललं नव्हतं. राजपालने टेस्टर उचलून पुन्हा टेकवला. मग आणखी थोडा पुढे. तार मेलेली होती.

घराची मागची खिडकी उघडली.

"अवो," सुचिताने आतून हाक मारली, "तुमचा तो गाण्याचा डबा लय तापला व्हता. म्या त्याची पिन काहाडून देली."