बाथरूमचं सोवळं
“दादा, सख्ख्या भावाच्या घरात मी बाथरूमला जायचं नाही?” सुलभा पाय आवळून विचारत होती.

“समोर कर्णिकांकडे जा. मी सांगून ठेवलंय त्यांना.” रबरी मोजे चढवलेले अनंतराव दार अडवून उभे होते.

आतल्या खोलीत त्यांची बायको झोपली होती. केमोथेरपी चालू होती आणि साधे जुलाबही तिला झेपणार नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तेव्हापासून, जन्मात ब्रशला हात न लावलेले अनंतराव सकाळ-संध्याकाळ नळ, कडी, भांडं ब्लीचिंगच्या पाण्याने पुसत. त्यांच्या आईने देवघराचं पाळलं नसेल, इतकं कडक सोवळं त्यांनी बाथरूमचं पाळलं. सुलभा कर्णिकांकडे गेली ती तिथूनच तणतणत घरी गेली.

संध्याकाळी नवे रिपोर्ट पाहून डॉक्टरांचा फोन आला. एरवी खेकसणारा माणूस फार मऊ बोलला. “औषध लागू पडत नाहीये, काका. आता एवढं पथ्य नको. लोकांना भेटू द्या, काकूंना आवडेल ते खाऊ द्या.”

“काय म्हणाले हो?” बायकोने आतून विचारलं.

“म्हणाले, बाथरूम अजून स्वच्छ हवं.”

“बघा! भांड्यामागे तुमचा हातच पोचत नाही. जरा ताकद येऊ दे, दाराशी खुर्ची टाकून बघतच बसणार आहे मी.”

“बैस,” अनंतराव म्हणाले आणि त्यांनी पुन्हा मोजे चढवले.