न पिळलेली चादर

वरच्या मजल्यावरची टिटीना रोज निळ्या काठाची चादर न पिळताच दोरीवर टाकायची आणि पाणी खाली नुन्झियाच्या वाळत्या कपड्यांवर टपटपायचं. असल्या पाण्यावरून दोघींनी नेपल्सची ती गल्ली वीस वर्षं दणाणून सोडलेली. पण हिवाळ्यापासून नुन्झिया खिडकीत नुसती बसून असायची; गल्लीतली माणसं, आवाज तिच्यासाठी जणू खोल पाण्याखालून तरंगत जायचे. “उदासीवरची गोळी काही तासांत रक्तात उतरते, पण मेंदूतल्या पेशी सावकाश बदलतात. सहा आठवडे धीर धरा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. गोळी सुरू केल्यापासूनच्या अडतिसाव्या सकाळी एक थेंब मनगटावर पडला. गार लागला. कॉफीचा वास आला. नकळत तिला कंठ फुटला, “भवाने, चादर पिळायला हात मोडले का तुझे?” वरून टिटीना हुंदक्यातच ओरडली, “बोलली गं बाई! तीन महिने हीच धुतलेली चादर भिजवतेय, तुझी एक शिवी ऐकायला!”