पायाखालचं पाणी

मुलांनो, असं समजा की तुम्ही शाळेच्या व्हॅनमध्ये पुढच्या सीटवर बसला आहात आणि पायाखालची चटई रोज भिजलेली असते. तेजलचं असंच झालं. व्हॅन तिचे वडील चालवत.

"पप्पा, देवाशप्पथ, माझी बाटली नाही सांडली!"

"मग काय गाडीला घाम फुटला? उद्यापासून मागे बसायचं."

पुढची सीट जाणार म्हटल्यावर तेजल हटून बसली. "आधी बघूया तरी. तुम्ही रोज गाडी धुता, तेच पाणी आत येत असेल. तुम्ही आत थांबा, मी बाहेरून पाणी ओतते."

वडील टॉर्च घेऊन तिच्या सीटपुढे वाकले. तिने दारं लावली आणि पुढच्या काचेवर बादली रिकामी केली. थोड्याच वेळात वडिलांच्या मानेवर पाण्याची धार लागली.

बाहेर येऊन त्यांनी वायपरखालची जाळी उचकटली. पाणी वाहून जायचं भोक कुजलेल्या झेंडूने बुजलं होतं, म्हणून तुंबलेलं पाणी आत शिरत होतं. रोज सकाळी काचेपाशी झेंडू वाहायचे ते स्वतः वडीलच.

ते मान पुसत राहिले. मग त्या दिवशीचं फूल पुढे करून त्यांनी विचारलं, "आता हे कुठं वाहू गं?"

तेजलने ते घेतलं, आत डॅशबोर्डवर ठेवलं आणि पुढच्या सीटवर मांडी घालून बसली.