गुलाबबागेतली शिडी

गावात पाहुणा आला की मिस व्हर्लीनची टकळी सुरू व्हायची. यादवी युद्धात अर्धा जॉर्जिया जाळत आलेला सेनापती म्हणे इथला पाउंड केक खाऊन असा विरघळला, की गावाला चटकाही न लावता पुढे गेला. त्याच्या खेचराचं नावसुद्धा बाईंना तोंडपाठ होतं.

आज शिकागोहून त्यांच्याच वयाची ओझेला आली होती.

"आणि ही आमची गुलाबांची बाग."

"बागेत लोखंडी शिडी कशाला हो, मिस व्हर्लीन?"

"माळ्याची असेल. इतकं जुनं कुणाला आठवतंय!"

"मला आठवतंय ना," ओझेला हसली. "या बागेच्या जागी होता तो पोहण्याचा तलाव कोर्टानं आम्हा काळ्यांनाही खुला केला, त्या सकाळी मी टॉवेल घेऊन कुंपणाबाहेर उभी होते. ट्रक आले. मला वाटलं, पाणी आणलंय. निघाली माती, तलाव बुजवायला. पहिल्या ट्रकात ड्रायव्हरशेजारी एक गोरी मुलगी बसली होती. मी वेड्यासारखा तिला हात केला."

मिस व्हर्लीनच्या तोंडून निघून गेलं, "मीपण केला होता."