कोपऱ्यातली चौकट

संसदेचं कामकाज टीव्हीवर चालू असताना पडद्याच्या कोपऱ्यातल्या चौकटीत जी बाई कर्णबधिरांना खुणांनी सगळं सांगत असते, तिच्या हातांना आज सकाळपासून चैन पडेना. कर्णबधिरांची शहरातली एकुलती एक शाळा बंद करायची की नाही, ते आज ठरणार होतं. जन्मापासून ऐकू न येणारा तिचा धाकटा भाऊ त्याच शाळेत शिकला आणि आता तिथेच शिकवत होता. महिनाभर तो खुणा करून करून तिच्या मागे लागला होता, “ताई, आम्हाला विचारणार कधी?”

ती दर वेळी सांगायची, “विचारतील रे. लोकांना विचारल्याशिवाय का कुणी शाळा बंद करतं?”

मंत्री उठले. “विचारलं ना! हरकत सांगायला महिनाभर फोन खुला ठेवला होता. त्या शाळेतून एकही फोन आला नाही. म्हणजे त्यांची संमतीच आहे.”

बाकं वाजली. तिचे हात हवेतच थिजले.

“अहो बाई, हात चालवा!” कानातल्या यंत्रातून निर्माता खेकसला.

तिने मंत्र्यांचं बोलणं जसंच्या तसं खुणांनी सांगितलं. पदरचं काही घातलं नाही.

बाहेर येते तोच भावाचा व्हिडिओ कॉल. त्याच्यामागे शाळेतले सगळे शिक्षक पोट धरधरून हसत होते. डोळे पुसत त्याने खुणेनं विचारलं, “भर संसदेत चेष्टा करतेस होय गं ताई? आता सांग, मंत्री खरं काय म्हणाले?”