कॅमेऱ्याच्या मागची जागा

ती बाई पुन्हा पाठीमागे येऊन उभी राहिली, तशी फोटोग्राफरने पायानेच बॅग आणखी जवळ ओढून घेतली.

सकाळपासूनची ही चौथी वेळ. नवरी गाडीतून उतरली तेव्हा ही मागे. अंगठ्या घातल्या तेव्हा मागे. रजिस्टरवर सह्या झाल्या तेव्हा तर इतकी जवळ, की वाकून फ्रेम साधताना त्याचं कोपर तिला लागलं. पन्नाशीची असेल. कपडे इस्त्रीचे, पण हातात ना पर्स, ना आहेर. कोणाशी बोलणं नाही, कोणाच्या घोळक्यात बसणं नाही. नुसती फोटोग्राफरची सावली.

बॅग म्हणजे त्याचा संसार होता. मधल्या कप्प्यात जादाचा कॅमेरा, उजवीकडे लांबची लेन्स, डावीकडे कमी उजेडातली छोटी लेन्स. भरलेल्या बॅटऱ्या पुढच्या खिशात, उतरलेल्या मागच्या. रिकामी कार्डं डबीत सुलटी, फोटो काढलेली पालथी. डोळे मिटून हात घातला तरी हवी ती वस्तू हाताला लागली पाहिजे. लग्नातले क्षण काही बॅग उचकटेपर्यंत थांबत नाहीत. या शिस्तीमुळेच मागच्या महिन्यात एका हॉलमधून लेन्स लांबवली गेली, ते त्याला दुसऱ्या मिनिटाला कळलं होतं. कळून उपयोग काहीच झाला नाही, तो भाग वेगळा.

"मुलीकडच्या का तुम्ही?" त्याने सहज विचारल्यासारखं केलं.

"हो... म्हणजे, इकडचीच." बाईने नजर वळवली.

त्याच्या मनात पाल चुकचुकली. त्याने नवरीच्या आत्याला गाठलं आणि हळूच विचारलं, त्या कोण? आत्याने तिकडे पाहिलं, लगेच मान फिरवली. "आम्ही नाही ओळखत," ती म्हणाली आणि तरातरा निघून गेली.

झालं! म्हणजे मुलीकडची असल्याचं खोटंच सांगितलं. जेवणं चालू असताना त्याने खुर्ची ओढली, बॅगेचा पट्टा पायात अडकवला आणि कॅमेऱ्यावर सकाळपासूनचे फोटो मागे मागे नेत पाहायला सुरुवात केली. हॉलच्या मॅनेजरला दाखवायला तिचा एक चेहरा हवा होता. चारशे फोटो झाले. प्रत्येक पाहुणा कुठे ना कुठे सापडला. घास तोंडात असलेला, जांभई देणारा, एक तर चक्क नाकात बोट घातलेला. ती मात्र एकाही फोटोत नव्हती. कोपऱ्यात नाही, आरशात नाही, पाठमोरीसुद्धा नाही.

इतकं कॅमेरा चुकवणारं माणूस सरळ असूच शकत नाही. त्याची खात्री पटली.

तेवढ्यात नवरीच्या वडिलांनी स्टेजवरून हाक मारली. "इकडे या जरा. आता घरच्यांचा फोटो. कोण कुठे उभं राहणार ते मी सांगतो."

तो पट्टा सोडवून चार पावलं गेला असेल-नसेल, मागे काहीतरी धपकन पडलं. त्याने वळून पाहिलं. बॅग आडवी झाली होती. ती बाई गुडघ्यांवर बसली होती आणि तिचा हात बॅगेत होता.

तो धावलाच. त्याने तिचं मनगट धरलं. मुठीत छोटी लेन्स होती.

"सापडलात!"

"पोरं पळत गेली हो, धक्का लागला. ही खुर्चीखाली गेली होती." ती घाबरून म्हणाली. "ठेवत होते. डावीकडच्याच कप्प्यात ना?"

"कप्पेसुद्धा पाठ आहेत तुम्हाला!"

"सकाळपासून तुमच्या मागेच तर आहे."

"तेच विचारतोय. का आहात? आणि एकाही फोटोत कशा नाहीत?"

स्टेजकडे एकदा बघून तिने आवाज अगदी खाली आणला. "तिच्या वडिलांची अट आहे. यायचं तर ये, म्हणाले, पण एकाही फोटोत दिसायचं नाही. मग उभं कुठे राहायचं? तुमच्या मागची जागा तेवढी बरी वाटली. तिथून लेक समोरून दिसते."

त्याने मनगट सोडलं. त्याने लेन्स तिच्याच हातून घेतली, कॅमेऱ्याला लावली, बॅग उभी केली आणि पट्टा तिच्या खांद्यावर दिला.

"ही सांभाळा. आणि मागे लपू नका. माझ्या खांद्याशी उभ्या राहा."

स्टेजवर सगळे ठरल्या जागी उभे होते. मधोमध नवरी, शेजारी वडील. त्याने कॅमेरा डोळ्याला लावला. सगळ्यांच्या नजरा सरळ लेन्समध्ये होत्या. नवरीची तेवढी जरा बाजूला, त्याच्या खांद्यावरून मागे. आणि ती हसत होती, तशी दिवसभरात कोणासाठीच हसली नव्हती.

"अगं, कॅमेऱ्यात बघ ना!" वडील खेकसले.

"राहू द्या," फोटोग्राफर म्हणाला आणि त्याने बटण दाबलं, "त्या बरोबर बघतायत."