पाचवा चहा

"आता परत कशाला थांबवलीस गाडी?" मी ओरडलोच. पुण्यातून निघाल्यापासून शार्दूलचा हा पाचवा चहा. दिवेआगर जेमतेम दहा किलोमीटरवर, तिथल्या रिसॉर्टवर मंगलाष्टकंही आटोपली असणार, आणि हा कपावर फुंकर मारत बसलेला.

त्याचा फोन वाजला. नवरीच, मृण्मयी! मी स्पीकर लावला.

"शार्दूल, कुठे आहेस? लाजाहोम थांबवलाय. गुरुजी चिडलेत. मला भाऊ नाही, म्हणून नवऱ्याचा कान पिळायला मी तुझंच नाव सांगितलंय. येतोयस ना रे?"

त्याच्या हातावर चहा हिंदकळला. कॉलेजात तिला लिहिलेली, कधीच न दिलेली त्याची पत्रं मी वाचली होती. मी घाईघाईने फोन कापायला गेलो.

त्याने माझा हात धरला.

"गुरुजींना थांबायला सांग," तो म्हणाला. "आलोच, ताई."